चार फुटांवरची हवा

आमच्या चिंचणीच्या वाडीत सध्या पाच डब्या आहेत. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात त्याच, पाणी न शिरणाऱ्या. प्रत्येकीच्या पोटात एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक रेडिओ मॉड्यूल आणि एक लिथियम सेल, डोक्यावर पोस्टकार्डाएवढं सोलर पॅनेल. दर पंधरा मिनिटांनी डबी जागी होते, हवेचं तापमान, दमटपणा आणि मातीतली ओल मोजते, आकडे घराच्या कौलांवरच्या अँटेनाकडे फेकते आणि पुन्हा झोपते. घरातली एक सिमकार्डवाली पेटी ते पुढे पाठवते, आणि शंभरेक किलोमीटरवर बोरिवलीत मला कळतं की पश्चिमेच्या कडेच्या चिकूंखालची माती सुकत चाललीय.

घरातल्या प्रत्येकाने आतापर्यंत एकदा तरी विचारलंय, "हे सगळं कशाला?" पाणी वाचतं, पंप वेळेवर बंद होतो, अशी छोटी उत्तरं मी देऊन झालोय. मोठ्या उत्तरासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं आणि ते जेवणाच्या पंगतीत जमत नाही. म्हणून इथे लिहितो.

आपल्या बाजूला हवा मोजायला सुरुवात झाली ती कुलाब्याला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा बांधली ती जहाजांच्या सोयीसाठी, समुद्रावर जाणाऱ्या घड्याळांना अचूक वेळ हवी म्हणून. १८४१ पासून तिथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. याच वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढचे प्रसिद्ध गणिती केरूनाना, अगदी कोवळ्या वयात नोकरीला लागले. अलिबागजवळच्या नागावचा मुलगा. यंत्र लांब ठेवून आकडे घरी मागवायची सोय तेव्हा नव्हती, यंत्राशेजारी माणूसच बसवावा लागे. मराठी माणसांतला पहिला सेन्सर कोण असं कुणी विचारलं तर मी केरूनानांचं नाव सांगेन. (छत्रे घराण्यातल्या वाचकांनी हलके घ्यावे.)

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांनी चुंबकीय यंत्रं बिघडणार, म्हणून ती १९०४ ते १९०६ या काळात कुलाब्याहून अलिबागला हलवली गेली. यंत्राला जे ऐकायचं आहे त्याच्या जवळ आणि बाकी गोंगाटापासून लांब नेऊन ठेवायचं, ही अक्कल आपल्या लोकांना तेव्हापासून आहे.

पण झाड? झाड या हिशोबात कुठेच नव्हतं. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं, १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला, त्यातून १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं जन्माला आलं. वादळाची चिंता बंदरासाठी आणि पावसाची चिंता महसुलासाठी. पर्जन्यमापक बसले ते तालुक्याच्या कचेरीच्या आवारात. तालुक्यात पाऊस किती झाला? तर कचेरीच्या अंगणात पडला तितका. आपल्या भागात ज्याने एकदा तरी पावसाळ्यात एसटीने प्रवास केलाय त्याला ठाऊक आहे की डहाणू स्टेशनवर ऊन असतं आणि वाणगावला खिडकीच्या काचा ओढून घ्याव्या लागतात.

झाडाकडे पाहणारा पहिला माणूस भेटतो तो पुण्यात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९३२ मध्ये तिथे शेतीच्या हवामानाची वेगळी शाखा निघाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. आता हवामान खात्याचं तापमान म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर टांगलेल्या थर्मामीटरचं तापमान. या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती काढणारे थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहांचे इंजिनियर होते आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे वडील. पेटी जगभर सारखी असते, त्यामुळे पुण्याची हवा लंडनच्या हवेशी ताडून पाहता येते. सोय मोठीच आहे. फक्त चार फुटांवर, मोकळ्या मैदानात, झडपांच्या सावलीत कुठलंही पीक राहत नाही.

रामदास पेटीतून बाहेर पडले. कृषी महाविद्यालयाच्या शेतात उसाच्या आत, ज्वारीच्या आत, जमिनीला लागून, वीतभर वर अशी हवा त्यांनी मोजायला घेतली. उभ्या उसातली हवा आणि शेजारच्या उघड्या रानातली हवा या दोन वेगळ्या गावच्या हवा असाव्यात इतक्या निराळ्या निघाल्या. त्यातलं एक निरीक्षण तर विलक्षण आहे. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन थंड होते, तेव्हा सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली असणार असं सगळे धरून चालले होते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनी १९३२ मध्ये दाखवलं की सर्वांत गार थर जमिनीवर नसतो, थोडा वर असतो, काही इंचांपासून हात-दीड हातापर्यंत. पुष्कळांनी वर्षानुवर्षं ते मानलं नाही. थर्मामीटर चुकला असेल म्हणाले. नंतर इतर देशांतही तेच दिसलं, आणि १९९०च्या दशकात बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं. त्या थराला आज रामदास थर म्हणतात आणि त्याच्या कारणांवर शास्त्रज्ञ त्यानंतरही भांडत राहिले.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त आवडतं ते हे, की त्यांच्याकडे कुठलंही नवं यंत्र नव्हतं. तोच थर्मामीटर, फक्त वेगळ्या उंचीवर.

आता रेडिओ. दूरचे आकडे रेडिओने मागवायची कल्पना शेतीतून आलीच नाही, ती आभाळातून आली. ३० जानेवारी १९३० रोजी रशियात पावेल मोल्चानोव यांनी फुग्याला यंत्र बांधून वर सोडलं आणि त्याने उंचावरचं तापमान बिनतारी संदेशाने खाली कळवलं. रेडिओसोंड म्हणतात ते हेच. आपल्या हवामान खात्याने ते बाहेरून विकत न आणता स्वतः बनवलं. पुण्यात एस. पी. वेंकटेश्वरन यांनी केलेल्या नमुन्यात एक छोटा पंखा होता. फुगा वर चढताना वाऱ्याने तो पंखा फिरायचा आणि त्याच्या फिरण्यावर संदेशाची टिकटिक चालायची. घड्याळाचं यंत्र नको, वेगळी शक्ती नको. बॅटरी वाचवायला धडपडणाऱ्या कुणालाही त्या पंख्याला हात जोडावेसे वाटतील.

माणसाशिवाय जमिनीवर उभं राहून बोलणारं यंत्र मात्र युद्धाने मोठं केलं. २२ ऑक्टोबर १९४३ ला यू-५३७ नावाच्या जर्मन पाणबुडीने कॅनडाच्या लाब्राडॉर किनाऱ्यावर गुपचूप एक स्वयंचलित हवामान केंद्र उतरवलं. पिंपांसारखी नळकांडी, त्यात बॅटऱ्या आणि यंत्रं, वर अँटेना. दर तीन तासांनी जागं व्हायचं, तापमान, दाब, वारा कळवायचा आणि गप्प बसायचं. कुणी पाहिलंच तर संशय येऊ नये म्हणून पिंपांवर कॅनडाच्या हवामान खात्याचं म्हणून खोटंच नाव रंगवलेलं आणि आजूबाजूला अमेरिकन सिगारेटची पाकिटं टाकलेली! थोड्याच काळात ते मुकं झालं आणि जग त्याला विसरून गेलं. १९८१ मध्ये ते सापडलं, आता ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहे. आमच्या डब्यांचा दिनक्रम या पिंपांचाच आहे. दुखणंही तेच: बॅटरी, आणि बिघडलं तर जवळ जाऊन बघणारं कुणी नसणं.

स्वतंत्र भारतात १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी उपग्रहावर अशा बिनमाणसाच्या केंद्रांचे आकडे झेलून खाली पाठवायची सोय होती. म्हणजे तंत्र होतं, चांगलं होतं, आणि सरकारकडे होतं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर रेडिओ उलट्या दिशेने चालत होता. १९४५ पासून ऑल इंडिया रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रं सुरू झाली. शेतात रेडिओ आला तो ऐकायला, शेताने बोलायला नाही. बोलायला परवाना लागे. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याखाली नुसतं ऐकायच्या रेडिओलाही लायसन्स होतं. आमच्या नानांचं ते छोटं पुस्तक, पोस्टात जाऊन फी भरून शिक्का मारून आणलेलं, घरातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

इथे जरा थांबून आपल्याच खाडीपलीकडे बघू. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ मध्ये वीज मिळू लागली. पण परिसराची मोजणी त्याच्या आधीच सुरू झाली होती. अणुऊर्जा खात्याची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा केंद्र चालू होण्याअगोदरच कामाला लागते. दूध, मासळी, भाजी, पाणी, माती यांचे नमुने घ्यायचे, त्यांत नैसर्गिक किरणोत्सार किती ते लिहून ठेवायचं. कारण उघड आहे. उद्या कुणी विचारलं की तुमच्यामुळे काय वाढलं, तर आधी काय होतं ते माहीत हवं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं देशभर पसरलेलं किरणोत्सार मोजण्याचं जाळंही आहे, त्यातली यंत्रं मोबाईलच्या जाळ्यावरून आकडे पाठवतात. म्हणजे आमच्या भागातली हवा दुरून, बिनतारी मोजली जात नव्हती असं नाही. चांगली मोजली जात होती. काका सांगायचे, नमुने घेणारे लोक येऊन दूध घेऊन जायचे, पैसे देऊन. त्या दुधाचं पुढे काय झालं हे आमच्या ओट्यावर कधी कुणी वाचलं नाही.

आधीचे आकडे असण्याची किंमत मला कळली ती मात्र डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राच्या इतिहासातून. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. कोळशाचं पाचशे मेगावॉटचं केंद्र तरीही आलं, १९९५च्या सुमारास. घोलवड, बोर्डी, डहाणूच्या चिकूवाल्यांचं म्हणणं होतं की धुराने आणि राखेने बहार गळतो, फळ बारीक होतं. डहाणू तालुका एन्व्हायर्नमेंट वेल्फेअर असोसिएशनच्या मंडळींनी वर्षानुवर्षं तो लढा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. ते २०१९ मध्ये जाईपर्यंत त्या पदावर होते. धुरातलं गंधक काढणारं संयंत्र बसवायचा आग्रह या प्राधिकरणाने धरला आणि २००७ मध्ये ते चालू झालं. देशात ही गोष्ट तेव्हा दुर्मीळ होती, आजही पुष्कळ केंद्रांत ते नाही.

या लढ्याविषयी मला अपार आदर आहे. पण त्याच वेळी आमच्या वाडीतल्या गप्पा मला आठवतात. "पूर्वी या झाडाला लगडलेलं असायचं." पूर्वी म्हणजे कधी? किती? कुणी लिहिलं नव्हतं. माझ्या माहितीत आमच्या आजूबाजूच्या एकाही वाडीत पावसाची किंवा तापमानाची स्वतःची वही नव्हती. आकडे होते ते दुसऱ्यांकडे, दुसऱ्या कामासाठी ठेवलेले, आणि आमच्याकडे आठवणी. आठवणी खऱ्या असतात, पण त्यांना तारीख नसते.

शेताकडून माणसाकडे संदेश आणायचा पहिला खरा देशी उद्योग माझ्या मते एका पुणेकराचा. संतोष ओस्तवाल, इलेक्ट्रिकल इंजिनियर. पंप चालू करायला म्हाताऱ्या आजोबांना शेतावर पायपीट करावी लागते हे त्यांनी पाहिलं आणि त्यातून पुढे 'नॅनो गणेश' झालं. मोबाईल फोन पंपाच्या स्टार्टरला जोडायचा, घरून फोन करायचा. आवाजाच्या खुणेवरून कळतं की तिथे वीज आहे की नाही, मग बटण दाबून पंप चालू किंवा बंद. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. बघा, मातीतली ओल, पानाचा दमटपणा यातलं काहीही नाही. शेतकऱ्याला सर्वांत आधी कळायला हवं होतं ते वीज आलीय का!

हे मला पटायला आमच्याच वाडीत वेळ लागला नाही. वाडी बघणारे मामा पहिल्या चार डब्या लावताना शिडी धरून उभे होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "भाऊ, ओल मला पायाला कळते. लाइट कधी आली तेवढं सांगणारं काय करा." शेतीची थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री, त्यात तिन्ही फेज असतील याची खात्री नाही. पाचवी डबी म्हणून पंपाच्या खोलीत बसली. तिन्ही फेज आल्या की मामांच्या फोनवर मेसेज जातो. बाकीच्या चार डब्यांकडे ते सौजन्याने बघतात, या पाचवीची चौकशी करतात.

बागेत पानापानांत सेन्सर पेरायचा प्रयोगही महाराष्ट्रात लवकर झाला. आपल्या पवईच्या आयआयटीत प्रा. उदय देसाई आणि सहकाऱ्यांनी 'अ‍ॅग्रिसेन्स' या नावाने नाशिकच्या सुला द्राक्षबागेत बिनतारी सेन्सरांचं जाळं लावलं, २०००च्या दशकात. बागेतले आकडे एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत तळापर्यंत आणि तिथून मोबाईलच्या जाळ्यावरून पवईला. हवेबरोबर पान किती वेळ ओलं राहतं हेही मोजत होते, कारण द्राक्षावरची बुरशी त्याच हिशोबाने चालते. असंच हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या मंडळींनी २००५ मध्ये बटाट्याच्या शेतात शंभरेक सेन्सर लावले, करप्याचा अंदाज यावा म्हणून. हाती आले ते अपेक्षित आकड्यांपैकी दोन टक्के. त्यांनी ते लपवलं नाही. काय काय बिघडलं याचा शोधनिबंधच लिहिला आणि त्याला नाव दिलं 'मर्फी लव्हज पोटॅटोज'. घरी सेन्सर करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, मन हलकं होतं. त्याच शेतात त्यांना असंही दिसलं होतं की पाला वाढला की रेडिओची पोहोच एकदम घटते, पण हवा दमट झाली की उलट सुधारते.

हे संशोधकांचं झालं. तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात हे यायला तीन गोष्टी जुळाव्या लागल्या. इटलीतल्या इव्रेया गावच्या डिझाइन शाळेतून २००५ मध्ये आर्डुइनो बोर्ड आला आणि मायक्रोकंट्रोलर शिकणं सोपं झालं. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या एका छोट्या कंपनीने लोरा नावाची रेडिओची पद्धत काढली, जी अगदी थोड्या शक्तीत लांबवर पोचते. २०१२ मध्ये ती कंपनी सेमटेकने घेतली आणि मॉड्यूल सर्वत्र मिळू लागले. तिसरी गोष्ट सरकारी. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारताने २००५ मध्ये कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मोकळा केला. मनात होते ते मालावर चिकटवायचे रेडिओ टॅग, पण दार उघडलं ते उघडलं. नानांना ऐकायला परवाना लागायचा, आमच्या चिकूला बोलायला लागत नाही.

बाकी सामान जुनंच आहे. पाऊस मोजायला दोन वाट्यांचं झुलतं पाळणं आहे. एक वाटी भरली की पाळणं कलतं, पाणी सांडतं, दुसरी वाटी धारेखाली येते. हे क्रिस्टोफर रेनचं डोकं, लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा तोच, सतराव्या शतकातलं. मी फक्त खाली लोहचुंबक आणि रीड स्विच लावला. पावसाळ्यात त्यात मुंग्या घर करतात, रेनला तो अनुभव आला होता की नाही कोण जाणे. मातीतल्या ओलीसाठी जिप्समचा ठोकळा आहे, १९४० मध्ये अमेरिकेत बुयुकोस यांनी काढलेला. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये दोन स्टीलचे स्क्रू बसवायचे, ठोकळा मुळांजवळ पुरायचा. मातीबरोबर तो ओला होतो, सुकतो, आणि स्क्रूंमधला विजेचा अडथळा बदलतो. वीज मात्र उलटसुलट दिशेने द्यायची, एकाच दिशेने दिली तर स्क्रू खलास. पाण्यात हळूहळू विरघळून दोनेक वर्षांत ठोकळा संपतो. प्लॅस्टर तेच, गणपतीचं. ज्या गुणामुळे ते विसर्जनाला नको तो इथे निदान कमी त्रासाचा ठरतो. दमटपणाचा सेन्सर खरं बोलतो की नाही हे तपासायला घट्ट झाकणाच्या बरणीत ओलसर केलेलं खायचं मीठ ठेवावं, सेन्सर आत टांगावा आणि रात्रभर थांबावं. आतला दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांवर येऊन ठरतो. ही कसोटी जगभर चालते.

आता रामदासांकडे परत. आमच्या डब्यांपैकी दोन एकाच चिकूवर आहेत. एक मोकळ्या बाजूला चार फुटांवर, हवामान खात्याच्या मानाने. दुसरी फांद्यांच्या पोटात. चिकूचा घेर दाट, खाली लोंबणारा. पावसाची उघडीप झाली की चार फुटांवरची डबी तासाभरात कोरडी हवा सांगू लागते, आतली डबी दोन-तीन तास चिकटून असते. आणि पावसाळ्यात फळ गळवणारी फायटोप्थोरा बुरशी आत असते. (बटाट्याचा करपा करणारीची ही सख्खी बहीण. हॉलंडचे लोक माझे नातेवाईक वाटतात ते उगाच नाही.) फवारणी कधी करायची हे आतल्या डबीवर ठरायला हवं.

फवारणीपेक्षा मोठा प्रश्न पैशांचा आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत चिकू आहे. त्यात तुमच्या झाडाचं नुकसान कुणी येऊन पाहत नाही. ठरलेल्या काळात पाऊस आणि दमटपणा इतके दिवस सलग इतक्यावर राहिला तर भरपाई, नाही तर नाही. आकडे धरायचे ते महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचे. महावेध प्रकल्पात २०१७ पासून ही केंद्रं उभी राहिली. सालोसाल कचेरीच्या अंगणात असलेला पर्जन्यमापक मंडळापर्यंत आला, ही प्रगती आहेच, मी ती नाकारत नाही. यंत्र तालुक्यावरून मंडळावर आलं, मंडळावरून झाडावर यायचं बाकी आहे. केंद्रातल्या पेटीचा आकडा खरा असतो आणि माझ्या फांदीतल्या डबीचाही खरा असतो. त्यातल्या एकावर चेक निघतो. माझ्या डबीला कायद्यात काहीही स्थान नाही, मिठाच्या बरणीत ती कितीही पास झाली तरी.

मग परत तोच प्रश्न, कशाला? वाढवणला बंदर येतंय. २०२३ मध्ये याच डहाणू प्राधिकरणाने त्याला अटींसह ना-हरकत दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. वाढवण, वरोरचे मच्छीमार, डायमेकर, बागायतदार वर्षानुवर्षं विरोधात उभे राहिले आणि घरात आपली मतंही एक नाहीत, हे जगजाहीर आहे. कुणाला वाटतं भाव आलाय तोवर वाडी विकावी, कुणाला वाटतं मुळीच नाही. डब्या हा वाद मिटवणार नाहीत. पण बंदर झाल्यावर धूळ, उष्णता, विहिरीचं पाणी, बहार यांत काही बदललं की नाही, हे दहा वर्षांनी कुणीतरी विचारेल. तारापूरवाल्यांनी केंद्र चालू होण्याआधी दूध मोजलं होतं. आपल्याकडे वाडीच्या स्वतःच्या हवेचे तीन पावसाळे लिहिलेले आहेत. विहिरीच्या पाण्याची क्षारता मोजणारी सहावी डबी तयार होतेय, ती या दिवाळीत बसेल.

तीन पावसाळे फारच थोडे आहेत, म्हणून एक काम सगळ्यांना सांगतो. नाना चिकूच्या करंड्या मुंबईला पाठवायचे तेव्हा आडत्याकडून पट्ट्या यायच्या. तारीख, नग, वजन, भाव सगळं त्यावर असे. १९८०च्या दशकातल्या काही माझ्याकडे आहेत. औष्णिक केंद्राच्या आधीची आणि नंतरची चार-पाच वर्षं मात्र गायब आहेत. वाटण्या झाल्या तेव्हा कागदांच्या दोन ट्रंका आत्याकडे आणि एक नाशिकला गेली असं आई म्हणते. माळ्यावर बघा. ओल्या झाल्या असतील, एकमेकांना चिकटल्या असतील तरी सोडवायला जाऊ नका आणि फेकूही नका. तशाच पाठवा, मी सावलीत सुकवून घेईन.